वाघ्याचा पाय

मंगळवार, संध्याकाळ, कुरखेडा

डोकं अजून तापलेलंच आहे. धानाच्या बांधीत आमच्या वाघ्या कुत्र्यानं ससा उठवला. माझ्या दिरानं शिकारीचं वाकडं दांडकं फेकलं, ते वाघ्याच्याच पायावर बसलं. हाड मोडलं, ससा पळाला, आणि भाऊजी चक्क हसले!

"कुत्रंच तं हाय वहिनी, दुसरं आणू."

दुसरं? अंगणात साप निघाला तेव्हा माझ्या लेकीपुढं हाच आडवा झाला होता. हसू येतंच कसं?

"त्याले उचला, दवाखान्यात न्या," मी म्हटलं.

"जनावरासाठी एवढं काऊन?"

मग मीच वाघ्याला कडेवर घेऊन गेले. डॉक्टरांनी पाय ओढला तेव्हा तो किंचाळला. मागं कुणीतरी हुंदका दिला. आवाज भाऊजींचा होता, मागोमाग आले होते. मी वळून पाहिलं नाही.