चटणी कुणाची आणलीस?

प्रिय आत्याबाई,

आज तुमचं वर्षश्राद्ध झालं. गेलेल्या सासूला पत्र लिहिणारी सून अख्ख्या सोलापुरात मीच असेन. पण आज पानावर जे झालं ते तुम्हाला सांगितल्याशिवाय मला चैन पडायचं नाही.

तुमची आवडती म्हणून पानात शेंगाचटणी वाढली. आपल्याच दुकानातली. तुमच्या लेकानं एक घास खाल्ला आणि म्हणाले, "चटणी कुणाची आणलीस गं?"

काय सांगणार, कपाळ? माझीच होती!

नवी पेठेतल्या त्या वीतभर दुकानात तुम्ही उखळापाशी बसायच्या. दाण्याला तेल सुटेपर्यंत मुसळ थांबायचं नाही. गिऱ्हाइकाच्या तळहातावर आधी चिमूट ठेवायच्या. "खाऊन बघ की, मग भाव इचार!" खाल्ल्यावर कुणी घासाघीस केलेली मला आठवत नाही.

तुम्ही गेलात आणि शेजारी दुसरं दुकान निघालं. किलोमागं चार आणे स्वस्त. मी घाबरले. दाणे मशीनवर दळून आणले, वर डाळं मिसळलं. त्या मेल्या डाळ्यानं सगळं तेल पिऊन टाकलं. शेजाऱ्यानं भाव आणखी उतरवला, मी डाळं आणखी वाढवलं. चिमूट द्यायची बंद केली. कुठल्या तोंडानं देणार?

तुमचं अक्कलकोटचं जुनं गिऱ्हाईक, ती शांतव्वा आठवते? गेल्या महिन्यात म्हणाली, "तुजी काय, त्येची काय, चव एकच हाय की. मग भाव कमी कर." लई राग आला तिचा. पण ती खोटं कुठं बोलली?

आणि तुम्ही तरी! मी मुसळाला हात लावला की, "ऊठ, तुला जमायचं न्हाय." दहा वर्षं मी नुसती पुड्या बांधत बसले. अंथरुणाला खिळल्यावर कुठं मला उखळापाशी बसवलंत. वेळेवर शिकवलं असतं तर मी अशी भेदरले असते का?

जाऊ दे. चूक माझी आहे आणि ती मीच निस्तरणार.

आज पोत्यांखालचं उखळ ओढून काढलं, घासून धुतलं. हे म्हणाले, "डाळं सोडून भाव वाढवलास तर गिऱ्हाईक तुटंल." म्हटलं, "तुटू दे! शेजाऱ्याच्या खाली उतरत गेले तर एक दिवस नुसतं डाळंच विकावं लागंल." मग ह्यांनी स्वतःच उठून मुसळ शोधून दिलं.

उद्या सकाळी तुमच्या जागेवर बसते. डाळ्याचा एक दाणा पडणार नाही. हात भरून आले तरी तेल सुटल्याशिवाय मुसळ खाली ठेवणार नाही. पहिली चिमूट तुमच्या लेकाच्या तळहातावर. खाऊन त्यांनी तुमचं नाव घेतलं तर फळ्या काढून दुकान उघडीन. "कुणाची?" म्हणाले, तर पुन्हा कांडायला बसेन.

फळ्या मात्र तोवर बंद.

तुमची सून, उद्यापासून उखळाची मालकीण,
कमल