लोण्याचा वास

ग्रीन बे, विस्कॉन्सिन
रविवार, १९ मे २०१९

प्रिय मार्लिस,

आम्ही इकडे बरे आहोत. तूही बरी असशील असं धरून चालतो, कारण फोन तू उचलत नाहीस आणि वर्तमानपत्रात तुझं नाव आलेलं नाही.

आधी गंभीर बातमी. कोपऱ्यावरच्या खानावळीने शुक्रवारच्या तळलेल्या माशाबरोबर राय ब्रेड देणं बंद केलं. आता पांढरा, गुबगुबीत बन देतात, सासुरवाडीच्या पाहुण्यासारखा ताटात नुसता बसून राहणारा. मी वाढणारीला विचारलं, "हा निर्णय कुणाचा?" ती म्हणाली, "मालकाचा. बटाटे आणू की कोबी?" एक संस्कृती बुडाली, आणि ही कोबी विचारते! घरी येऊन मी तासभर बोललो. जोलीनने ऐकून घेतलं आणि म्हणाली, "रसेल, तुला खरं दुःख कशाचं आहे ते बहिणीला लिही. ब्रेडला सोड."

बायकोचं ऐकायची सवय नाही, म्हणून तीन आठवडे लागले.

बिअरबद्दल लिहायचं आहे. नव्या वर्षाच्या दिवशी तुझ्या स्वयंपाकघरात आपण ती केली, बाबांच्या ऐंशीव्या वाढदिवसासाठी. यीस्टवरून दुकानात भांडलो होतो, आठवतं? मला जर्मन कोरडी पुडी हवी होती. आज्ञाधारक, पाण्यात टाकली की कामाला लागणारी. तू बोहेमियाचं द्रव यीस्ट उचललंस. मी म्हटलं, "हे हट्टी आहे. थंडीत रेंगाळतं, वर लोण्याचा वास सोडतं." तू म्हणालीस, "आपल्या घरातलीच सगळी तशी आहेत. शेवटी दोन दिवस उबेत ठेवलं की आपला वास आपणच खाऊन टाकतं. थोडा धीर धर." लागरला, म्हणजे थंडीत आंबणाऱ्या या बिअरला, दुप्पट यीस्ट लागतं, म्हणून तीन दिवस आधीपासून तू ते बरणीत वाढवलंस, येता-जाता हलवत राहिलीस. मग अर्धं तुझ्या बुधल्यात, अर्धं माझ्या. एकाच पातेल्यातला सातूच्या माल्टचा रस, एकच यीस्ट.

दहाव्या दिवशी तुझा फोन आला.

"बाबांना दवाखान्यात आणलंय. बोलता येतंय, पण एक बाजू गेली. तू ये."

"रविवारी येतो. आजच बिअर उबेत घेतली आहे, दोन दिवस लक्ष ठेवावं लागेल."

"बिअरचं काय बाळंतपण आहे?"

मी हसलो. तू हसली नाहीस. शनिवारी पहाटे बाबा गेले.

दफनानंतर चर्चच्या तळघरात हॅम आणि कोलाचेचे गोड पाव खाताना एल्मर काका माझा हात सोडेनात. "गाडी सुरूच झाली नाही म्हणे? अरे, या थंडीत बॅटरी घरात आणून ठेवायची!" मग वीस मिनिटं बॅटरी. कुठली घ्यावी, किती वर्षं चालते, तारांना काय चोपडावं. मी मान हलवत होतो. टेबलापलीकडे तू कप गोळा करत होतीस, आणि माझ्याकडे पाहिलंही नाहीस. तेव्हा कळलं की ही गोष्ट तूच सगळ्यांना सांगितली होतीस. बाबांनाही तेच सांगितलंस, हे नर्सकडून नंतर कळलं. दोनदा विचारलं म्हणे त्यांनी.

एप्रिलमध्ये घरी बिअर करणाऱ्यांच्या क्लबची स्पर्धा झाली. आपल्या क्लबात परीक्षक मोजून चार, म्हणून नियमही एकच: स्वतःची बाटली स्वतःच्या टेबलावर नको. माझी पलीकडच्या टेबलावर होती. माझ्यासमोर सात नंबरची आली. ओतली, नाकाशी नेली. लोणी. त्याखाली आपलाच माल्ट, आपलंच यीस्ट. पुढचं माझ्या सहीनिशी तुझ्याकडे कागदावर आलंच आहे: पन्नासपैकी एकोणीस. 'सिनेमागृहातला पॉपकॉर्न. ऐन वेळी बनवणाऱ्याने यीस्टला वाऱ्यावर सोडलं.'

माझ्या बिअरला पदक मिळालं.

निकालानंतर तू आवारात विचारलंस, "तुला माहीत होतं का रे, ती माझी होती?" मी म्हटलं, "बाटल्यांना नंबर असतात. मला काय ठाऊक?"

मला ठाऊक होतं. पहिल्याच वासाला.

तुझा बुधला तळघरात होता. तो उचलून वर उबेत आणायला कुणीतरी घरी असायला हवं होतं, आणि तू बाबांच्या उशाशी होतीस. त्या दोन दिवसांचा वास होता तो. मी त्याला एकोणीस गुण दिले, कारण तो ग्लास समोर असताना मला त्या टेबलाशी बसवत नव्हतं.

आणि आता जे लिहायला तीन आठवडे लागले ते. माझ्या फ्रिजला तापमान राखणारा डबा आहे. आकडा घातला की तो आपला आपण ऊब राखतो. तुझा फोन आला त्या शुक्रवारी सकाळी सात वाजता मी आकडा घातला, त्याला अर्धं मिनिट लागलं. त्यानंतर दिवसभर मी खुर्ची टाकून त्या फ्रिजसमोर बसलो होतो. तुझ्या गावच्या दवाखान्यात पोचायला पाऊण तास लागतो. बाबांचं तोंड वाकडं झालेलं मला बघायचं नव्हतं, मार्लिस. बिअरचा यात काही दोष नाही.

काल एल्मर काकांना फोन करून सांगितलं की गाडी ठणठणीत होती, मीच आलो नाही, आणि मार्लिसने माझी अब्रू झाकली. काका म्हणाले, "म्हणजे बॅटरी बदलायला नको." आणि फोन ठेवला. क्लबलाही कळवलं आहे. यापुढे मी परीक्षक नाही.

माफ कर असं लिहून पाहिलं. माझ्या अक्षरात ते विनोदासारखं दिसतं, म्हणून खोडलं.

तू आता चर्चमध्ये असशील. मी तुझ्या घराच्या मागच्या पायरीवर बसून हे संपवतो आहे. क्लबातली रीत तुला माहीत आहे: ज्याचं यीस्ट घेतलं, त्याला पुढल्या खेपेचं बरणीभर परत करायचं. जानेवारीपासून माझ्याकडे राहिलं होतं. गेल्या महिन्यात त्याच्यावर आणखी एक खेप काढली, आणि तळाशी बसलेलं यीस्ट धुऊन आणलं आहे. पांढरंशुभ्र निघालं. बरणी तुझ्या गॅरेजमधल्या फ्रिजमध्ये, खालच्या फळीवर ठेवली आहे. झाकण सैल आहे, तसंच असू दे. वर तारीख घातली आहे, नाव तुझं.

थांबत नाही. तुला दारात मला बघावं लागू नये.

उशिरा आलेला तुझा भाऊ,
रसेल