बर्फ कुणी केला ते आधी सांगा

प्रिय वर्नाताईस,

तुझ्या अर्धवट शिकलेल्या धाकट्या भावाचा नमस्कार. गुडघे कसे आहेत? तुमच्या यॉर्कटनला पारा उणे पस्तीसवर गेला म्हणे. आम्ही सगळे ठीक आहोत, म्हणजे मी सोडून. आणि मी ठीक नाही याला कारण तुझा मुलगा.

डार्सी आमच्या शाळेत फिजिक्स शिकवतो याचा मामा म्हणून मला अभिमानच होता, त्याच्या वर्गात बसायची वेळ येईपर्यंत. गावच्या समितीने ठराव केला, की हॉकीची बर्फाची रिंक गारठवणारं यंत्र ज्याच्या ताब्यात, त्याच्याकडे सर्टिफिकेट हवं. त्या कोर्सला बारावीचं फिजिक्स लागतं. (बावीस वर्षं मी इथला बर्फ करतोय, तो काय प्रार्थना करून?) पास झालो नाही तर उन्हाळ्याआधी रिंकच्या किल्ल्या दुसऱ्याच्या हातात जाणार. म्हणून एकोणपन्नासाव्या वर्षी मी सतरा वर्षांच्या पोरांत, माझ्याच पोरीच्या, टेसाच्या मागच्या बाकावर बसतो. परवा एक कार्टा म्हणाला, “आजोबा, कॅल्क्युलेटर उलटा धरलाय.” भाच्याला ‘सर’ म्हणावं लागतं ते वेगळंच.

सहामाहीत मला अठ्ठेचाळीस मार्क पडले. पास व्हायला पन्नास लागतात, आणि ते दोन कसे गेले ते ऐक. प्रश्न होता, घर्षण नसलेल्या बर्फावर हॉकीचा पक, ती रबरी चकती, अमुक वेगाने सोडला तर वीस मीटरनंतर त्याचा वेग किती? मी लिहिलं, असा बर्फ नसतो. कुणी केला, कधी केला, पाणी गरम होतं की गार, ते आधी सांगा, मग वेगाचं बोलू. डार्सीने लाल पेनाने भोपळा दिला. मी जाब विचारला तर म्हणतो, “मामा, घर्षण नाही असं मानायचं असतं.” मी म्हणालो, “मानायला चर्च आहे. बर्फ घासून बघावा लागतो.” आठवडाभर रोज हेच. पोरांची करमणूक, माझा घसा.

शेवटी वैतागून तो म्हणाला, चला, रिंकवर जाऊन मोजू. आणि इथे माझी बुद्धी चळली. ताई, माझा बर्फ बघायला कुणी येतंय म्हटल्यावर मला गप्प बसवतं का? वर्ग यायच्या आधी मी पातं लावून अख्खी रिंक तासली, गरम पाण्याचा पातळ थर दिला, तो गोठल्यावर आणखी एक. नुसता आरसा झाला. (या वर्षीचा सगळ्यात सुंदर बर्फ होता, उगाच नाही सांगत.) डार्सीने पक ढकलला. पोरं घड्याळं घेऊन उभी. पहिल्या दहा मीटरला जेवढा वेळ, पुढच्या दहालाही तेवढाच. पाचदा मोजलं. पक दमायचं नाव घेईना.

“बोल मामा,” डार्सी म्हणाला, “रोजचा बर्फ असाच असतो?”

नाही म्हणालो असतो तर घर्षण सिद्ध झालं असतं आणि दोन मार्क खिशात पडले असते. पण समोर सगळी पोरं, त्यांच्या बापांनासुद्धा मी याच रिंकवर खेळवलेलं. त्यांच्यासमोर कसं म्हणू, की एरवी माझा बर्फ इतका चांगला नसतो?

“असाच असतो,” मी म्हणालो. भोपळा कायम.

भावजींना आठवण सांग. राग माझा तुझ्या मुलावर आहे, तुझ्यावर नाही.

तुझा
ओरेस्ट

ता. क. रविवारी डार्सी तुझ्याकडे पिरोगी खायला येईल, तेव्हा वाढता वाढता दोन मार्कांचा विषय काढ. त्याचं तोंड भरलेलं असताना काढ.

आणखी एक ता. क. वरचं खोडलं असं समज. विषय काढू नकोस. पोरगा सरळ आहे, आणि मंगळवारी माझ्या एकट्यासाठी फेरपरीक्षा ठेवली आहे त्याने. ही मात्र शेवटची.

शेवटचा ता. क. खरं सांगतो. बर्फाच्या प्रश्नाला मार्कच दोन होते. बाकीचे पन्नास उतारावरून घसरणाऱ्या ठोकळ्यांनी खाल्ले. साइन कुठे घ्यायचा, कोसाइन कुठे, मला काही म्हणजे काही कळत नाही, आणि टेसासमोर हात वर करून विचारायची लाज वाटते, म्हणून मी बर्फावरून भांडत बसतो. लहानपणी अपूर्णांक तूच शिकवलेस. शनिवारी येशील? मी घ्यायला येतो. मला हे येत नाही गं ताई. एवढं लिहायला चार पानं लागली.