सर्वानुमते धुळे

१ डिसेंबर, सोमवार. सकाळी ६.१०
आजपासून रोजनिशी. मोठ्या पदावर गेल्यावर लोक विचारतात, सुरुवात कशी झाली. पुरावा असावा.
शेठचं धुळ्याला नवं युनिट होतंय. तिथला मॅनेजर आमच्या जळगावच्या डाळ मिलमधूनच जाणार. मिलमध्ये शिफ्ट इनचार्ज एकच, आणि तो मी. शेठ म्हणाले, रुपचंद, आधी माणसं सांभाळून दाखव. म्हणून शनिवारी हॉटेलच्या हॉलमध्ये लीडरशिपचं ट्रेनिंग केलं, जेवणासह. नेतृत्वाच्या पद्धती चार: मताची, मोकळीक देण्याची, सेवेची, हुकमाची. प्रत्येकीचे गुण, प्रत्येकीचे दोष. शिकवणाऱ्या सरांनी विचारलं, तुमची कुठली? मी म्हणालो, चारही. सरांनी लगेच जेवणाची सुट्टी दिली. प्रभावित झाले असावेत.
सुलक्षणाने, म्हणजे बायकोने, विचारलं की घरात कुठली चालवणार. प्रश्नामागचा हेतू बरा नव्हता. 

३ डिसेंबर
मताची पद्धत सुरू. गुण: आपल्याला विचारलं म्हणून माणूस खूश. दोष: अजून सापडला नाही.

४ डिसेंबर. दुपारी
दोष सापडला. वेळ लागतो.
अकरा वाजता डाळ वर चढवणाऱ्या एलिव्हेटरच्या बेल्टला जळका वास. मशीनवरचा असलम म्हणाला, बंद करतो. मी म्हणालो, एकट्याने ठरवायचं नाही. सगळ्यांना जमवलं, विषय मांडला: मशीन बंद करावं किंवा कसे. तीन हात वर झाले आणि धूर आला. चौथा हात असलमचा, पण तो थेट स्विचवर. बेल्ट गेला. मिल दिवसभर बंद.
असलमने मतमोजणी पूर्ण होऊ दिली नाही, हे मी शेठच्या कानावर घातलं. शेठ पाणी प्यायले.

९ डिसेंबर. रात्री ८
मोकळीक. हमालांचा मुकादम युवराज रजेवर, आणि हमाल सगळे नवे, आजच आलेले. विचारायला आले, कुठलं पोतं कुठल्या गाडीत. मी म्हणालो, तुम्हीच ठरवा, माझा विश्वास आहे. विश्वासात अडथळा नको म्हणून केबिनचं दार लावून घेतलं.
धुळ्याच्या व्यापाऱ्याला डाळ जायची होती, तिथे गुरांची चुनी गेली. डाळ धरणगावच्या गोठ्यात उतरली. धरणगावहून अजून तक्रार नाही.
युवराज फोनवर म्हणाला, नव्या माणसाला आधी दाखवावं लागतं, मग सोडावं. त्याने ट्रेनिंग केलेलं नाही.

१३ डिसेंबर
सेवेची पद्धत. खरा नेता खाली बसतो. डाळ निवडणाऱ्या बायकांत जाऊन बसलो. त्यांच्या प्रमुख अकबरी आपा, मिलमध्ये बावीस वर्षं. त्यांनी मला सूप दिलं. तासाभराने माझी डाळ परत निवडायला दोघी बसवल्या. म्हणाल्या, "रुपचंदभाऊ, तुम्ही सेवा करता आणि आमचं काम वाढतं." विनोदी बाई आहे. उठताना कंबर धरली.

१६ डिसेंबर. अंथरुणातून
मी तीन दिवस मिलमध्ये नाही आणि उत्पादन वाढलंय. याला म्हणतात पद्धत मुरणं.

१८ डिसेंबर
रविवारी मिलची भरीत पार्टी, शेठच्या शेतात. शेठ म्हणाले, सगळी व्यवस्था तू बघ, धुळ्याचं तिथेच सांगतो. इस पार की उस पार.
दरवर्षी अकबरी आपा आणि बायका मिळून उरकतात. कोण काय करतंय कळत नाही, नुसता हसण्याचा गलका. यंदा हुकमाची पद्धत. तक्ता तयार. प्रत्येकाची जागा ठरलेली. सांगितल्याशिवाय जागा सोडायची नाही.

२१ डिसेंबर, रविवार. संध्याकाळी
आज जे झालं ते शांतपणे लिहितो.
दोन पोती हिरवी वांगी. बायका एकेक वांगं सुरीने टोचत बसलेल्या. तक्त्यात टोचणं नव्हतं. चाळीस मिनिटं फुकट. मी हुकूम दिला, टोचणं बंद. अकबरी आपा म्हणाल्या, "भाऊ, वाफेला वाट लागते." मी म्हणालो, आज चर्चा नाही. त्यांनी सुरी खाली ठेवली, मागोमाग सगळ्यांनी ठेवली. बारा वर्षांत पहिल्यांदा माझं असं ऐकलं गेलं. खरं सांगायचं तर मला भरून आलं.
१२.२० ला कपाशीच्या पऱ्हाट्यांच्या जाळावर वांगी फुटायला लागली. पहिलं शेठच्या शर्टावर. मी ओरडलो, अरे बघा कुणीतरी. कुणी हललं नाही. जागा सोडायची नाही हा माझाच हुकूम. शिस्त इतकी कडक निघेल असं वाटलं नव्हतं. शेवटी अकबरी आपांनी विचारलं, "आता सांगू का?" मी परवानगी दिली. उरलेल्या पोत्याचं भरीत तीनला पानात पडलं. चव उत्तम. तक्ता माझाच.
जेवणानंतर शेठ म्हणाले, धुळ्याला कोण जाणार ते तुम्हीच चिठ्ठ्या टाकून ठरवा. मी संकोचून निंबाच्या झाडामागे गेलो. शेठ पुढे काय बोलले ते ऐकू आलं नाही, पण त्यात ऐकायचं काय? बोलावलं तेव्हा मीही माझी चिठ्ठी टाकली. स्वतःचंच नाव लिहिलं. खोटी नम्रता मला जमत नाही.
सत्तेचाळीस चिठ्ठ्या. सत्तेचाळीसही माझ्या नावाच्या. असलमने मिठी मारली. अकबरी आपांनी विचारलं, उद्याच निघणार ना? इथलं माझं काम आता त्या बघणार. बिचाऱ्या.

५ जानेवारी. धुळे
युनिट म्हणजे सध्या शेड. मशीन मार्चमध्ये, माणसं मशीननंतर. हाताखाली वॉचमन तोताराम, तोही एजन्सीचा, म्हणजे माझ्या हाताखाली नाहीच. त्याला चारही पद्धती समजावल्या. दुसरीला झोपला. मोकळीक मानवते असं दिसतं.

९ जानेवारी. संध्याकाळी ७
सुलक्षणाचा फोन. बाजारात अकबरी आपा भेटल्या होत्या. मिल जोरात चालली आहे म्हणे. मी म्हणालो, पाया कोणी घातला?  तिने आपांकडून कळलेला शेठचा त्या दिवशीचा प्रश्न सांगितला, झाडामागे मला ऐकू न आलेला.
"कोण गेलं तर इथलं काम अडणार नाही?"
मी म्हणालो, लोकांनी विनोद केला असेल. ती म्हणाली, सत्तेचाळिसांत एक चिठ्ठी तुमचीही होती ना.
फोन ठेवला. मी खचलेलो नाही. मार्चमध्ये मशीन येऊ दे, मग बघतो एकेकाला. जेवायला एक वांगं आणलं होतं, ते तोतारामच्या शेकोटीवर ठेवायला गेलो. त्याने हात धरला. म्हणाला, "साहेब, वांगाले पयले टोचनं पडस. नही ते फुटस." त्याला कुणी शिकवलं विचारलं, तर म्हणे बठ्ठासले माहीत शे, म्हणजे सगळ्यांनाच.
मी खाली बसलो. सुरी घेतली आणि त्याला विचारलं, किती ठिकाणी टोचायचं.