सुलागवारीचे शंभर टक्के

प्रति,
मा. विभागीय अधिकारी,
पाणी व स्वच्छता मोजणी कक्ष,
खाडी विभाग, सॉलोमन बेटे.

विषय : सुलागवारी गावाची 'शंभर टक्के व्याप्ती' रद्द करून गावासाठी आलेल्या नळ्या परत न नेण्याबाबत.
संदर्भ : आपले दि. ४ ऑगस्टचे पत्र व त्यातील सल्ला.

महोदय,

आपल्या मोजणीनुसार आमच्या गावात घरोघरी शौचालय, दारोदारी नळ आणि हात धुण्यास साबण आहे. शंभर टक्के हा आकडा आजवरच्या वाचनात मला केवळ निवडणुकांच्या निकालांत व स्वर्गाच्या वर्णनांत आढळला होता. वस्तुस्थिती अशी की गावात शौचालय एकच असून त्याची किल्ली पाद्रीबाबांच्या खिशात असते. इतरांसाठी ओहोटी आणि कांदळवन आहे. पिण्याचे पाणी बायका होडीने नदीवरून आणतात. डोंगरातील झऱ्याचे पाणी गावात आणण्यासाठीच्या नळ्या किनाऱ्यावर येऊन पडल्या आहेत. मात्र गाव 'व्याप्त' ठरल्याने त्या येत्या गुरुवारी जहाजाने अन्यत्र जाणार आहेत.

१. मोजणीदार हॅमलिन तोआता हा याच गावचा. 'स्थानिक असल्याने लोक त्याच्याशी मोकळेपणाने बोलतील,' असे आपण लिहिता. महोदय, येथील प्रत्येक बाई त्याची एक तर बहीण लागते, नाही तर भावजय. यांपैकी कोणापुढेही त्याने शौचाचा उच्चार केल्यास तो तिचा अपमान ठरतो व त्याची भरपाई डुक्कर देऊन करावी लागते. त्यातून त्याच्या हाती दिलेल्या आपल्या मोजणी-यंत्राची रचना अशी, की 'शौचालय आहे काय?' यास 'नाही' म्हटले की पुढील प्रश्न उघडतात : कुठे जाता, कोणासोबत जाता, पाळीच्या दिवसांत काय करता. 'होय' म्हटले की यंत्र अभिनंदन करून गप्प होते. मी हॅमलिनला खुलासा विचारला तेव्हा त्याने पाठ फिरवून जे सांगितले, ते जसेच्या तसे देते :

"अगं ताई, एव्हलिनाच्या दारात गेलो. ती म्हणाली, 'काय रे, ही पाटी घेऊन काय विकायला आलास?' मी म्हटलं, 'सगळं बरं आहे ना?' ती म्हणाली, 'बरंच आहे की. रताळं खाऊन जा.' आता तूच सांग, तिचं रताळं तोंडात असताना मी तिला *ते* कसं विचारू?"

आपल्या कोष्टकात हे रताळे 'प्रत्यक्ष पडताळणी केली' या सदरात आहे.

२. माझ्या पहिल्या तक्रारीवर आपण सुचविलेत, की ज्या स्त्रीस उत्तर बदलावयाचे असेल तिने ते ग्रामसभेत, मूळ मोजणीदारासमोर, तोंडी बदलावे. मी तीस वर्षे विद्यापीठात नातेसंबंधांचे शास्त्र शिकवले व जुन्या धर्मन्यायालयांची दप्तरे चाळली. त्या न्यायालयांचीही कल्पनाशक्ती इतकी तल्लख नव्हती. तरीही आपला सल्ला मी बायकांपुढे ठेवला. एव्हलिनाला आठवा महिना आहे आणि होडी तीच वल्हवते. ती म्हणाली, "नेस्टाताई, एवढी पुस्तकं वाचलीस आणि हे घेऊन आलीस? भावापुढं उभी राहून सांगू, मी कुठं जाते ते? त्यापेक्षा जन्मभर वल्हं मारीन." तिच्या सासूबाई केटुरा यांनी एक सूचना केली, ती आपल्या विचारार्थ : "त्या साहेबाला म्हणावं, आधी घरी जाऊन स्वतःच्या बहिणीला विचार, मग आम्हाला शिकव."

३. त्यानंतर जे घडले ते कळविणे माझे कर्तव्य आहे. आज सकाळी गावातील बायका किनाऱ्यावर गेल्या आणि त्यांनी प्रत्येक नळी ओलांडली. काही जणी नळ्यांवर बसून राहिल्या. बाईने ओलांडलेली वस्तू विटाळली असे मानून या खाडीतला कोणताही पुरुष ती उचलत नाही. रविवारी प्रार्थनेला जाणाराही नाही. जहाजाचा मुकादम पाहणीस आला होता. तो लांबूनच ओरडू लागला, "अगं बायांनो, थांबा! मी साहेबाला काय सांगू?"

एव्हलिना म्हणाली, "सांग, शंभर टक्के ओलांडल्या."

४. त्या नळ्यांचे पाणी आमचे पुरुष पितील काय, हा प्रश्न निघाला होता. केटुराबाईंनी होड्यांकडे बोट दाखवले व वल्ही कोठे ठेवली आहेत ते सांगितले. प्रश्न मागे घेण्यात आला.

सबब विनंती, की हॅमलिनशी कोणतेही नाते नसलेली एक बाई फेरमोजणीसाठी पाठवावी व तिच्यासोबत नळ्या जोडता येणारी दुसरी बाई द्यावी. नळ्या झऱ्यापर्यंत वाहून नेण्याचे काम आम्ही बायकांनी आजच दुपारी सुरू केले आहे. आपला निर्णय येईल तेव्हा त्या किनाऱ्यावर नसतील.

आपल्या शंभर टक्क्यांपैकी एक,

(डॉ. नेस्टा ओफासिया)
निवृत्त प्राध्यापक, मु. सुलागवारी
दि. १९ ऑगस्ट

सोबत : गावातील बायकांच्या सह्या व अंगठे. हॅमलिनची सही घेतलेली नाही. तो सध्या आम्हां सर्वांना टाळत आहे.