बिबट्याचा फोटो पुढे पाठवल्यावर

३ नोव्हेंबर, सोमवार
अंगणवाडीत पोरांची हजेरी भरायला मोबाईल उघडला. काम पाच मिनिटांचं. मान वर केली तेव्हा पाऊण तास गेलेला. तेवढ्यात घाटात उलटलेली बस, बोअरवेलमध्ये पडलेलं पोर, कुठेतरी गॅसचा स्फोट. एकही गाव ओळखीचं नाही. शमीम, आमची मदतनीस, दारातून म्हणाली, "बाई, पोरं कवाची हात धुवून बसल्यात. खिचडी वाढू का?" वाढ म्हणाले. डोळे चुरचुरतात, मान आखडली. दगड फोडल्यासारखी दमले आणि काम तर काहीच केलेलं नाही.

४ नोव्हेंबर
जेवताना हे म्हणाले, "घास हातात आन् डोळे मोबाईलमधी. तू वाचलं न्हाई तर जग थांबनार हाय का?"
नाही थांबणार. माहीत आहे.
कधीपासून लागलं तेही माहीत आहे. करोनात भाऊजी, यांचे धाकटे भाऊ, नगरला दवाखान्यात होते. चौदा दिवस. आत कुणाला सोडत नव्हते. मी तासातासाला बातम्या बघायचे, कुठे खाट आहे, कुठे ऑक्सिजन. आपण काहीतरी करतोय असं वाटायचं. भाऊजी गेले. बघणं राहिलं.

६ नोव्हेंबर, गुरुवार
सकाळी सातला फोटो आला. बांधावर बसलेला बिबट्या, खाली आपल्या गावाचं नाव. ऊसतोड सुरू झाली की ते बाहेर पडतातच, त्यामुळे शंका आली नाही. पालकांच्या ग्रुपवर लगेच पाठवला. वर लिहिलं, मुलांना बाहेर सोडू नका, रानात एकटं जाऊ नका. दहा मिनिटांत गावभर. अंगणवाडीत एकही पोर आलं नाही. शमीम आणि मी, आणि रिकाम्या सतरंज्या.
अकराला फोन. मंगल पडली. भाऊजींची बायको, माझी धाकटी जाऊ. गाईला चारा कापायला गेली होती. जाईल नाहीतर काय करील, गाय थोडीच मेसेज वाचते. उसात खसपस झाली. विळा टाकून पळाली, पाटात पाय गेला. खुब्याचं हाड.
उसातून निघालं ते कुत्रं.

७ नोव्हेंबर
श्रीरामपूरला दवाखान्यात. उद्या ऑपरेशन. मंगल म्हणाली, "अक्का, तुमी कळवलं म्हनून मी सावध तरी हुते. न्हाईतर…" तेवढ्यात कळ आली.
तिचा हात धरून बसले. मग बाहेर बाकड्यावर आले आणि काय केलं, तर मोबाईल काढला. बिबट्याच्याच बातम्या बघितल्या. एकामागून एक. नर्सने दोन हाका मारल्या म्हणे.

९ नोव्हेंबर, रविवार
वनखात्याचा माणूस आला होता. पाटाकडेचे ठसे बघितले. कुत्र्याचे. फोटो जुना निघाला, दुसऱ्याच जिल्ह्यातला. खाली गावाचं नाव कुणीतरी बसवलेलं.
पाराजवळ पंधरावीस माणसं. त्याने विचारलं, "गावात पहिल्यांदा कुणी टाकला?"
जो तो आपापल्या मोबाईलमध्ये बघायला लागला. वर माझंच नाव असणार.
"मी," म्हणाले.
तो रागावला नाही. "ताई, तुम्ही अंगणवाडीच्या. तुमच्याकडून आलं की लोक दुसऱ्याला विचारत नाहीत."
रागावला असता तर बरं झालं असतं. घरी येताना हे शेजारून मान खाली घालून चालले.

११ नोव्हेंबर
बातम्यांची तिन्ही ॲप काढून टाकली. दुपारपर्यंत हलकं वाटलं. चारला, नुसतं बघावं म्हणून, दुसरीकडून उघडलं. सव्वापाच झाले.
साधा बटनाचा फोन घ्यावा म्हटलं तर हजेरी, वजनं, पोरांचे फोटो, सगळं ह्याच्यावरच. ज्याच्यापासून पळायचं तेच रोज सकाळी हातात घ्यायचं.

१४ नोव्हेंबर
नवीन युक्ती. हजेरी झाली की मोबाईल शमीमच्या पिशवीत. तिला सांगितलं, मागितला तरी देऊ नको.
दोनदा मागितला. पहिल्यांदा तिने दिला नाही. दुसऱ्यांदा मी म्हणाले, सुपरवायझर बाईंचा फोन येणार आहे. खोटं. तिने निमूट काढून दिला. "आमचे हे तंबाखू सोडत हुते ना बाई, तवा असंच सांगायचे."
फोन येणार नव्हता हे तिलाही कळलं होतं.

१७ नोव्हेंबर
मंगलला घरी आणलं. आमच्याकडे चल म्हटलं, ऐकलं नाही. लेक सासरहून आली होती, तिलाही परत जावं लागलं. आता सकाळ-संध्याकाळ माझी फेरी. गाय, शेण, भाकरी, मंगलला उठवून बसवणं. अंग मोडून येतं.
तो फोटो खोटा होता, हे आज सांगायचं ठरवून गेले होते. भाजी चांगली झाली का, एवढंच विचारून आले.

२० नोव्हेंबर, गुरुवार
सांगितलं. तिला वॉकर धरून उभं करताना तोंडातून निघून गेलं. मंगल, तो बिबट्या खोटा होता गं. मी न बघता पाठवला.
ती म्हणाली, "ठाऊक हाय मला."
"कधीपासून?"
"दवाखान्यातच कळलं. लेकीनं सांगितलं."
"मग बोलली का नाहीस?"
"बोलून हाड लवकर जुळनार हुतं व्हय?"
तिला खाटेवर बसवलं. मला वाटलं झालं, सुटले. पण ती थोड्या वेळाने म्हणाली, "अक्का, येक सांगू? रागवू नका."
"सांग."
"हे दवाखान्यात हुते तवा तुमी रोज माझ्याजवळ बसून वाचायच्या. आज किती गेले, कुठं जागा न्हाई, कुठं जाळायला लाकडं न्हाईत. लई वाटायचं, म्हनावं, अक्का, बास करा. पर तुमी आमच्यासाठीच झटत हुत्या. कसं म्हनू?"
मी वॉकर उचलून भिंतीला लावून ठेवला.
इतकी वर्षं मला वाटत होतं, त्या चौदा दिवसांत मी तिला धीर दिला.

२१ नोव्हेंबर
आज दिवसभरात एकदाही उघडलं नाही. निश्चय वगैरे काही नव्हता. हात जायचा आणि मंगलचं "बास करा" ऐकू यायचं, जे ती कधी म्हणालीच नाही.

२४ नोव्हेंबर, सोमवार
दोन दिवस टिकलं. काल रविवार, रिकामी दुपार. दीड तास. वाचलेलं काहीच आता आठवत नाही, शीण मात्र आहे तसाच.
आज लसीकरणाचा मेसेज ग्रुपवर टाकला. एका आईचं खाली उत्तर, "बाई, हे तरी खरं हाय का?" खाली चारपाच हसरे चेहरे. शमीम म्हणाली, मी घरोघरी जाऊन सांगते. दोघी गेलो. सगळी आळी पायी. अठरा घरं. लोक दारात बोलले, चहा घ्या म्हणाले, कुणी त्या दिवसाचं काढलं नाही. बऱ्याच दिवसांनी एवढी माणसं समोरासमोर बघितली. पाय दुखतात, पण हे दुखणं वेगळं.

२८ नोव्हेंबर, शुक्रवार
या आठवड्यात दोन दिवस बघितलं, तीन दिवस नाही. हे म्हणाले, "बरं चाललंय की." बरं आहे का माहीत नाही.
संध्याकाळी मंगलकडे. गोठा काढून आत गेले तर ती खाटेवर उशीला टेकलेली, मोबाईल तोंडापाशी, चष्मा नाकावर. लेकीने जाताना स्वतःचा जुना मोबाईल देऊन ठेवलाय, दिवसभर पडून करमत नाही म्हणून. मी आल्याचंही तिला कळलं नाही. हाक मारली तेव्हा दचकली.
"अक्का, हे बघितलं का? कुठं तरी आख्खं कुटुंबच गेलं हो. बारकी दोन लेकरं हुती. या की, दावते."
चेहरा उतरलेला. मघाचा चहा उशाशी तसाच, साय धरलेला.
बास कर म्हणावं? मी, तिला? कुठल्या तोंडाने?
"हात शेणाचे आहेत माझे," म्हणाले.
"मग धुवून या."
मोरीत गेले. हात धुतले. स्वच्छ झाले तरी पाणी घेतच राहिले. आतून तिची परत हाक, "अक्का, आल्या का?"