लक्षद्वीप, चार रात्री

९ मार्च, रविवार

जावई आले होते. कोलंबी केली होती, पण नीट जेवले नाहीत. हात धुतल्यावर मोबाईल पुढे केला. बोटीचे फोटो. मला वाटलं नोकरी बघतात की काय बोटीवर. तर म्हणे आमच्या नातीला, मनूला, सुट्टीत क्रूझवर न्यायचं. तिघं जाणार. मनू, ते आणि स्नेहल.

हे नाव आमच्या घरात आज पहिल्यांदा निघालं. माझ्या कानावर होतं आधीच. माझ्या वैशूला जाऊन दोन वर्षं झाली, जावयाचं वय काय, छत्तीस. कधीतरी होणारच. तरी ताटं उचलली आणि घासलेलीच परत घासत बसले.

"आई, गोवा की लक्षद्वीप, तुम्हीच सांगा. मनूचं सगळं तुम्हालाच माहीत."

मी बोलले, मला घाटकोपरच्या बाहेरचं काय विचारता.

ह्यांनी टीव्हीचा आवाज वाढवला. घरात काही अडचणीचं निघालं की ह्यांना बातम्या ऐकू येईनाशा होतात.

१० मार्च

खरं काय ते आज चहाला कळलं. काल जावई जाताना ह्यांच्याशी जिन्यात बोलले. मे महिन्यात लग्न, नोंदणी. जूनला मनू पहिलीत. बोरिवलीत शाळा बघून ठेवली. पण आधी बोटीवर बघायचं, माझ्याशिवाय झोपते का. झोपली तर जूनपासून तिकडे. नाही झोपली तर अजून वर्षभर माझ्याकडे.

मला तोंडावर सांगायची हिंमत नाही.

"पोर बापाची आहे गं," हे बोलले.

"मग दोन वर्षं रात्रीची उठून बाप बसला का?"

हे पेपर उघडून बसले.

दिवाळीला नेली होती बोरिवलीला. त्याच रात्री रिक्षा करून परत आणली. रडून रडून आवाज बसलेला पोरीचा.

११ मार्च

मनू झोपत नाही म्हणजे हट्टी नाही. तिला आईची गोष्ट लागते. राजाराणीची चालत नाही. आई लहान होती तेव्हाची. रोज एक. कालची आज चालत नाही. मला तरी किती आठवणार, तीच आठ-दहा फिरवते, मध्ये कधी एखादी नवी निघते. गोष्ट संपली की विचारणार, मग आज्जीने मारलं? मी नाही म्हणायचं. मग झोपते.

जावयांना ह्या गोष्टी माहीत नाहीत. त्यांना वैशू मोठी झालेली मिळाली. आणि तिचं नाव काढलं की तेच रडतात, ते काय सांगणार.

१३ मार्च

पोळ्यांच्या कामाला जाते त्या सातशेदोन नंबरच्या फ्लॅटमधल्या वहिनीला पोळ्या करताना विचारलं. ती गेली होती मागच्या वर्षी मुलगा घेऊन. सांगत बसली, माझा तवा तापून धूर. गोवा सोपं, दोन रात्री, लहान मुलाला बरं. लक्षद्वीप चार रात्री. पाणी काचेसारखं, पण मोठी बोट बेटाला लागत नाही, छोट्या होडीत उतरायचं. वारा असला तर उतरवतच नाहीत, पोरं मग बोटीवरच कंटाळतात. उलट्यांचं औषध आधी द्यायचं. खोली खिडकीवाली घ्यायची.

"मावशी, तुम्ही जाताय?"

"मला कोण नेतंय."

पोळ्या दोन जास्त झाल्या.

येताना डोक्यात एकच. गोव्याच्या दोन रात्री पोर थकून झोपेल कशीतरी. चार रात्री नाही निघणार. आणि समुद्रातून रिक्षा करून परत आणता येत नाही. बाप चार रात्री रडणं ऐकेल तेव्हा त्याला कळेल.

१६ मार्च, रविवार

स्नेहलला घेऊन आले. दिसायला साधी. अंधेरीला डोळ्यांच्या दवाखान्यात काउंटरवर बसते. खुर्ची दिली तर खाली बसली. मनूसाठी पोहायचा ड्रेस आणला, दोन साइज मोठा. मनूने फ्रॉकवरच घातला आणि घरभर फिरली.

"आज्जी पण बोटीवर येणार?" मनूने विचारलं.

जावई बोलले, "आज्जीला बोट लागते."

मला बोट लागते हे मला आजच कळलं.

निघताना परत विचारलं, कुठे नेऊ. मी बोलले, लक्षद्वीप.

"चार रात्री आई? लांब नाही होणार तिला?"

"पाणी चांगलं आहे म्हणतात."

स्नेहल माझ्याकडे बघत राहिली. मी मनूचा ड्रेस काढायला लागले.

१८ मार्च

शेजारची कमल आली. तिला सगळ्याची खबर. बोलली, "दुसरी इली तरी ती आपलीच चेडू गो. तिचा म्हायार तुझ्याकडेच. ओटी भर तिची."

गावाला आहे तशी रीत. लेक गेली की जावयाची दुसरी बायको लेक मानायची, सणाला बोलवायची. मला माहीत नाही का.

"माझी लेक एकच होती."

"ओटीन तुझा काय जाताहा?"

बाहेर काढली तिला. मग वाईट वाटलं, दोन भाकऱ्या देऊन आले.

२५ मार्च

स्नेहल एकटीच आली, ड्युटी सुटल्यावर मेट्रोने. मनू खाली खेळत होती. मी भात लावत होते. ही दारातच उभी.

"मी अमितला गोवा म्हटलं होतं. तो म्हणतो आईंनी लक्षद्वीप सांगितलंय, त्यांना कळतं."

मी भातावर झाकण ठेवलं.

"ती रात्री रडायला लागली तर तिथून परत नाही आणता येणार, आई. तुम्ही त्यासाठीच सांगितलंत ना?"

तोंडावर. रडली नाही, भांडली नाही. वैशू असती तर भांडी आपटली असती.

"चहा घेणार?" मी विचारलं.

घेतला. साखर कमी होती, तरी प्यायली. मग विचारलं, मनू कशी झोपते, काय करता तुम्ही. मी बोलले, काय करायचंय, लहान पोर, झोप आली की झोपते.

ती गेल्यावर भात खाली लागलेला. तोच खाल्ला सगळ्यांनी.

३० मार्च, पाडवा

मनूने उशा ओळीने लावल्या. बोट केली. पुढे बाबा, मग स्नेहलमावशी म्हणून लोड ठेवला, मग स्वतः. मी बोलले, मी कुठे बसू?

"तू नाही. तू खाली उभी राहा. टाटा कर."

केला टाटा. तीन वेळा करायला लावला. प्रत्येक वेळी बोलते, अजून जोरात, बोट लांब गेली.

हे हसत होते. नंतर गॅलरीत गेले, बराच वेळ आले नाहीत.

२ एप्रिल

 

बाप रडणं ऐकेल म्हणाले मी. रडणार कोण? मनू. चार रात्री, पाण्याच्या मध्ये, आणि बाजूला दोन माणसं, काय करायचं दोघांना माहीत नाही. आवाज बसेपर्यंत रडेल. हे मी सांगितलं. मी, जिने तापात तिला मांडीवर घेऊन रात्री काढल्या.

जावयांना फोन केला. गोवाच घ्या, दोन रात्री पुष्कळ झाल्या.

"आई, बुकिंग झालं काल. लक्षद्वीप. पैसे परत नाही मिळत आता. तुम्ही म्हणालात म्हणूनच केलं."

चोवीस तारखेला निघणार. ठेवला फोन.

६ एप्रिल, रविवार

जावई मनूला बागेत घेऊन गेले. स्नेहल इथेच थांबली, मुद्दाम असेल. मटार सोलायला बसली. चार शेंगा सोलते, दोन दाणे खाते. वैशूला मी ह्यावरून ओरडायचे.

मीच बोलले शेवटी. मनूला आईची गोष्ट लागते झोपताना. लहानपणची.

तिने शेंग खाली ठेवली. "मी सांगू? वैशालीची?"

"मग कोण सांगणार? बाप सांगायला गेला तर दोघं रडतील."

पहिली दिली. वैशू बालवाडीत होती, आम्ही टेकडीवर राहायचो. शेजारणीची कोंबडी दप्तरात घालून घेऊन गेली. कोंबडीला पण शिकू दे म्हणून. बाईंनी दप्तर उघडलं आणि वर्गभर कोंबडी. वैशू बाकावर उभी राहून सांगते, हजेरी घ्या, हिचं नाव राणी.

स्नेहल मोबाईलमध्ये लिहायला लागली. मी बोलले, लिहू नको. वाचल्यासारखं सांगितलंस तर मनू लगेच पकडेल. ऐक आणि तोंडाने म्हण.

म्हणून दाखवली. कोंबडी उडाली तिथे घाबरतच बोलली. मी बोलले, हात हलव.

"मग आज्जीने मारलं का, असं विचारेल. नाही म्हणायचं."

"मारलं नव्हतं?"

"चांगलं बदडलं होतं. पण नाही म्हणायचं."

हसली. मग एकदम रडायला लागली, मटाराच्या ताटावर. मी पदर दिला नाही. उठून पाणी दिलं.

११ एप्रिल

दुसरी दिली. नळाच्या रांगेतली. हंडा माझ्याकडे होता, नंबर जाईल म्हणून वैशूने दप्तर ठेवलं नळाखाली आणि खेळायला गेली. नळ आला. दप्तर भरलं. घरी येऊन बोलली, पाणी आणलं.

ही स्नेहलने पहिल्यापेक्षा चांगली सांगितली. 'पाणी आणलं' असं बोलली ना, मला क्षणभर वैशूच वाटली. ओट्याकडे वळले. जा म्हटलं आता, मेट्रोला गर्दी होईल.

१६ एप्रिल

तिसरी. एका चपलेवर घरी आली ती. दुसरी कुठे विचारलं तर लंगड्या कुत्र्याला दिली. त्याला एकच लागते म्हणाली.

"आणि चौथी?" स्नेहलने विचारलं.

"तीन पुरे. चौथ्या दिवसापर्यंत सवय होईल."

खोटं. पुष्कळ आहेत. एक रात्र तरी पोरीला माझी आठवण येऊ दे. तीन दिल्या ना? सगळंच देऊ का काढून?

२४ एप्रिल, गुरुवार

गेली. मी बंदरावर नाही गेले. इथूनच टॅक्सीत बसवली. ओटीचे तांदूळ, खण, नारळ काढून ठेवले होते सकाळीच. हात नाही उचलला माझा. स्नेहलने ताटाकडे बघितलं. वाकून नमस्कार केला. मी उलट्यांचं औषध कसं द्यायचं ते सांगत बसले.

मनूने मागे वळून पण बघितलं नाही. टॅक्सीची काच खालीवर करत होती.

दुपारी फोटो आला बोटीवरून. डोक्यावर टोपी, तोंडात आईस्क्रीम. मग रेंज गेली.

२५ एप्रिल

काही नाही.

सातशेदोनची वहिनी बोलली, समुद्रात नाहीच लागत फोन, काळजी करू नका. मी बोलले, काळजी कोण करतंय.

२६ एप्रिल

फोन नाही. ह्यांनी चिकू आणले, मनूला आवडतात म्हणून. आणल्यावर आठवलं. दोघांनी एक-एक खाल्ला. गोड होते.

"झोपली असेल का गं?"

"मला काय विचारता? कोंबडीने झोपली असेल पहिल्या दिवशी."

झोपली असू दे असं वाटतं. लगेच वाटतं, नको. मग परत वाटतं, असू दे. दिवसभर हेच, पोळ्या लाटताना, रस्ता ओलांडताना. एक रिक्षावाला ओरडला.

२७ एप्रिल, रविवार

आज चौथी रात्र. उद्या बंदराला लागतील.

सकाळपासून काम सुचत नाही. स्नेहल काय सांगणार आज? पहिलीच परत सांगेल कदाचित. कदाचित मनू विचारणारच नाही, दमून पडेल. कदाचित बसली असेल दोघांकडे बघत, दोघं एकमेकांकडे.

दुपारी ह्यांना बाहेर पाठवलं आणि मोबाईलवर व्हॉट्सॲपला बोलून ठेवलं. स्नेहलच्या नंबरवर. जी मनूला पण कधी सांगितली नव्हती ती गोष्ट.

वैशू पाच वर्षांची. मी पोळ्या लाटायचे, ती बाजूला बसून बोटाएवढी पोळी लाटायची. मी भाजून द्यायचे. ती खिडकीत ठेवायची कावळ्याला. कावळा काही यायचा नाही. ही आपली बसून, आता येईल, आता येईल. शेवटी भूक लागायची, मग स्वतःच खायची आणि खाताना काव काव करायची. म्हणजे कावळ्याने खाल्ली असं होतं म्हणून.

एवढंच सांगितलं. पुढचं नाही. वैशूच्या दहाव्याला घाटावर कावळा पिंडाला लगेच शिवला मेला. पाच वर्षांची असताना पोर दिवस दिवस बसायची खिडकीत, तेव्हा आला नाही. तेव्हा एवढी घाई नव्हती त्याला.

ही गोष्ट निघाली की ते पण निघतं, म्हणून कोणाला सांगत नव्हते.

शेवटी बोलले, स्नेहल, काव काव जोरात कर. लाजू नको. आणि आज्जीने मारलं का विचारलं तर नाही सांग. ह्यात खरंच मारलं नव्हतं.

पाठवलं. एक टिक आली.

हे आले, चहा झाला, बघितलं. एक. खाली जाऊन दूध आणलं, बघितलं. एक. कमलच्या पोरीला विचारलं, एक टिक म्हणजे काय. ती बोलली, तुमच्याकडून गेलंय काकी, तिकडे पोचलं नाही.

दिवा लावला. मनू जेवली की डोळे चोळायला लागते. आता जेवत असेल.

टिक अजून एकच आहे.